पहिला सीटी नॉर्मल, दुसऱ्या दिवशी मेंदूत मोठा डाग: चूक कुणाची?

प्रश्न: वडील, वय ६४, उदगीर तालुक्यात शेती. पहाटे पाचला धारा काढायला उठले तर डावा हात-पाय उचलेना, तोंड वाकडं. साडेसहाला तालुक्याच्या गावी सीटी स्कॅन काढला, रिपोर्ट ‘नॉर्मल’. तिथल्या डॉक्टरांनी तरीही ‘हा स्ट्रोकच आहे’ म्हणून लातूरला धाडलं. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला मोठा डाग निघाला. पहिल्या स्कॅनवाल्यानं चूक केली का? तो स्कॅन वायाच गेला का? आणि डाग म्हणजे मेलेला मेंदू असेल तर तो पुन्हा भरून येतो का?

उत्तर:

पहिल्या स्कॅनवाल्यावर तुमचा राग आहे हे कळतंय. पण तो सीटी झाला नसता तर वडिलांना रक्त पातळ करणारी साधी गोळीसुद्धा कुणी दिली नसती. अंगावरून वारं जातं ते मेंदूची रक्तवाहिनी तुंबली म्हणून, नाहीतर फुटली म्हणून. बाहेरून दोन्ही पेशंट सारखेच दिसतात: वाकडं तोंड, लुळा हात, अडखळणारी जीभ. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. तुंबलेल्याला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. तेच फुटलेल्याला दिलं तर पेशंट हातचा जाईल. ताजं रक्त सीटीत पहिल्या मिनिटापासून पांढरंशुभ्र दिसतं, म्हणून पहाटेच्या सीटीला आधी एकच प्रश्न विचारलेला असतो, रक्त आहे का? उत्तर आलं, नाही. त्या वेळच्या ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच.

हा शब्द अशा रिपोर्टात लिहूच नये असं माझं मत आहे. मी ‘रक्तस्राव दिसत नाही, लक्षणं असतील तर स्ट्रोक नाकारता येत नाही’ असं लिहितो. वाक्य लांबतं, पण नातेवाईक पेशंटला त्याच जीपमध्ये घालून घरी नेत नाहीत. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून पेशंटकडं पाहिलं. त्यांना एकदा भेटून या.

आता, मेंदूला इजा होऊनही सीटीत का दिसत नाही?

सीटी म्हणजे क्ष-किरण कुठं किती अडतात हे मोजणारं यंत्र. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या पेशंटचा मेंदू त्यातून पाहिला गेला. ते बनवणारे इंजिनियर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड, आणि त्यांच्याच नावानं आम्ही रोज आकडे मोजतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, ताजं रक्त ६० ते ८०. मेंदूचा वरचा करडा थर ३५ ते ४० च्या आसपास, आतला पांढरा भाग २५ ते ३०. म्हणजे एवढ्या मोठ्या पट्टीवर करड्या-पांढऱ्यात अंतर जेमतेम दहाचं. रक्त बंद झालं की त्या भागात हळूहळू पाणी वाढायला लागतं, आणि पाणी एक टक्क्यानं वाढलं की आकडा साधारण अडीचनं उतरतो. पहिल्या दोन-तीन तासांत हा उतार इतका बारीक असतो की नजर त्यावरून घसरून जाते. आपल्याकडच्या माळवदाच्या घरासारखंच. रात्रीच्या पावसाचं पाणी मातीत मुरलेलं असतं, पण भिंतीवर ओलीचा पट्टा उठतो दुसऱ्या दिवशी दुपारी.

तरी बारकाईनं पाहणाऱ्याला लवकरच्या खुणा सापडू शकतात. कानशिलाच्या आत खोलवर मेंदूची एक घडी असते, तिला इन्सुला म्हणतात. तिच्या कडेनं करड्या रंगाची बारीक किनार जाते. मधली मोठी रक्तवाहिनी, जिला आम्ही एमसीए म्हणतो, ती तुंबली की ही किनार लवकर पुसट होते, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याच्या काठासारखी. कधी गुठळीच दिसते, वाहिनीच्या जागी पांढऱ्या सुतळीचा तुकडा पडल्यागत. कॅनडातल्या अल्बर्टाच्या डॉक्टरांनी २००० साली यावर एक सोपी गुणपद्धत काढली, अ‍ॅस्पेक्ट्स. एमसीएच्या इलाख्याचे दहा भाग करायचे, जो भाग बिघडलेला दिसेल त्याचा एक गुण कापायचा. दहापैकी दहा म्हणजे अजून काही दिसत नाही, दहापैकी तीन म्हणजे बराच मेंदू गेलेला. फोनवर न्यूरॉलॉजिस्टला ‘सर, आठ’ एवढं सांगितलं तरी समोरच्याला चित्र कळतं.

एक माझीच गोष्ट. अंबाजोगाईहून शिकून नुकताच बाहेर पडलो होतो. मोंढ्यातला एक हमाल आला, पन्नाशीचा, उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. फिल्म व्ह्यू-बॉक्सला लावली, पाहिली, ‘नॉर्मल’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन केला तर डावा अर्धा मेंदू काळा. संध्याकाळी मशीनमधला आदल्या दिवसाचा डेटा उघडला आणि विंडो अरुंद केली, म्हणजे ऐंशी आकड्यांत पसरलेला करडेपणा चाळीसात आणला. डाव्या इन्सुलाची किनार नव्हती. उजवीकडं होती, डावीकडं नव्हती. खूण पहिल्या दिवशीच होती, मीच पाहिली नव्हती. फिल्मवर उजेड-काळोख एकदा ठरला की ठरला, मॉनिटरवर तो फिरवता येतो. तेव्हापासून लकव्याचा कुठलाही सीटी मी फिल्मवर वाचत नाही, आणि आमचा टेक्निशियन विचारायच्या आधीच स्ट्रोक विंडो लावून ठेवतो.

म्हणून पहिल्या स्कॅनवाल्यानं चूक केली का, याचं उत्तर मी रिपोर्ट वाचून देणार नाही. त्याचा डेटा पाहावा लागेल. शेवटी त्याकडं येतो.

एमआरआयला डाग लवकर का दिसतो, तर तो पाण्याची हालचाल पाहतो. मेंदूत पेशींच्या मधल्या बोळांतून पाण्याचे रेणू सतत इकडंतिकडं फिरत असतात. रक्त थांबलं की पेशीतला सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद पडतो. सोडियम आत साठतो, त्याच्यामागं पाणी शिरतं, पेशी फुगतात आणि बोळ चिंचोळे होतात. आठवडी बाजारात दोन्हीकडच्या दुकानदारांनी बाजा पुढं सरकवल्या की मधून सायकलसुद्धा जात नाही, तसं. पाण्याची चाल अडते, आणि डिफ्यूजन नावाच्या चित्रात तेवढा भाग चमकतो. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मांजरांच्या मेंदूवर हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं. वाहिनी बंद केल्यावर पाऊण तासात डिफ्यूजनमध्ये डाग उठला होता, तर नेहमीच्या एमआरआय चित्रांत तो तेव्हा दिसत नव्हता.

चमकतंय म्हणजे मेलंय, असं मात्र लगेच धरू नका. डिफ्यूजनच्या जोडीला एडीसी नावाचा नकाशा असतो. तिथं तोच भाग काळा असेल तर चमक ताज्या अडथळ्याची. काळा नसेल तर जुन्या डागातलं नुसतं पाणीच उजळून दिसत असतं. साधारण आठवडा-दहा दिवसांनी एडीसी पुन्हा सारखा होत जातो. या दोन चित्रांची जोडी लावूनच आम्ही ‘हा डाग कालचा, हा मागच्या वर्षीचा’ असं सांगतो. साठीपुढच्या बीपी-शुगरवाल्या माणसाच्या मेंदूत जुने बारीक डाग निघतातच. ते पाहून घरचे घाबरतात, ‘एवढे झटके कधी आले?’ बहुतेक वेळा कळलेलेच नसतात.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत अडचण घड्याळाची होती. ते पाचला उठले तेव्हा लकवा दिसला, पण झाला कधी? झोपेत झालेल्या स्ट्रोकची वेळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. दहाला झोपले असतील तर साडेसहाला साडेआठ तास झाले. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास. १९९५ साली ती तीन तासांची होती, २००८ च्या युरोपातल्या चाचणीनंतर वाढली. घड्याळ सांगत नसेल तर मेंदूलाच वेळ विचारता येते. डिफ्यूजनमध्ये डाग आहे आणि फ्लेअर नावाच्या चित्रात तो अजून उठलेला नाही, तर इजा बहुधा साडेचार तासांच्या आतली. या जोरावर इंजेक्शन दिलेल्या पेशंटना फायदा झाल्याचं २०१८ च्या वेक-अप चाचणीनं दाखवलं. पण त्यासाठी एमआरआय पहाटे चालू हवा आणि वाचणारा जागा हवा. मराठवाड्याच्या आपल्या आठ जिल्ह्यांत हे किती ठिकाणी जमतं, तुम्हीच फिरून आलात.

उलट बाजूही सांगतो. वेळ पक्की माहीत असताना, सीटीत रक्त नाही हे कळल्यावर, ‘एमआरआय करून खात्री करू’ म्हणून पेशंट रांगेत ठेवणं हा गुन्हा आहे. एका ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सव्वा तास नंबरात गेला, मुदत तिथंच संपली, आणि एमआरआयमध्ये निघालं तेच, जे हात उचलायला सांगून पाच मिनिटांत कळलं होतं. मोठी वाहिनी तुंबलेली असते तेव्हा सरासरी मिनिटाला १९ लाख मेंदूपेशी जातात, असा २००६ मधला हिशोब आहे.

मग वाचवायचं काय उरतं? इथं शेतातलाच दाखला देतो. ऑगस्टात पावसानं ताण दिला की दुपारी सोयाबीन माना टाकतं. रस्त्यावरून सगळं रान मेल्यासारखं दिसतं. जवळ जाऊन पान चुरगाळलं की कळतं, काही झाडं वाळलीत, काही नुसती कोमेजलीत. वाळलेल्याला आता कितीही पाणी द्या. कोमेजलेलं मात्र रात्री पाऊस झाला तर सकाळी उभं असतं. मेंदूचंही तसंच. एरवी शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त मिळतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, पण जीव धरून राहतात. १० च्या खाली गेलं की थोड्याच वेळात मरतात. मेलेल्या मधल्या भागाला आम्ही कोअर म्हणतो, भोवतीच्या कोमेजलेल्याला पेनम्ब्रा. ही कल्पना १९७७ ची. हात हलत नाही तो दोन्हींमुळं, म्हणून पेशंट तपासून कोअर किती आणि पेनम्ब्रा किती हे सांगता येत नाही. ते चित्रातच पाहावं लागतं.

त्यासाठी सीटी परफ्यूजन. शिरेतून काँट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, सोडायचा आणि मिनिटभर मेंदूचे तेच तेच काप पुन्हा पुन्हा टिपायचे. रक्त कुठं वेळेवर पोचतं, कुठं रेंगाळतं, कुठं पोचतच नाही, ते सॉफ्टवेअर रंगांत काढून देतं. रक्ताचा ओघ निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांच्याही खाली तो कोअर. रक्त सहा सेकंदांहून जास्त उशिरानं येतं तो धोक्यातला सगळा भाग. दुसऱ्यातून पहिला वजा केला की वाचवता येण्याजोगा मेंदू मिलीलिटरमध्ये मिळतो. २०१८ च्या दोन मोठ्या चाचण्या, डॉन आणि डिफ्यूज-३, कोअर अजून लहान असलेल्यांच्या निवडीवर उभ्या होत्या. डिफ्यूज-३ मध्ये कोअर ७० मिलीच्या आत असणाऱ्यांनाच घेतलं होतं. त्यांच्यामुळं मांडीच्या धमनीतून तार नेऊन गुठळी ओढून काढायची मुदत निवडक पेशंटना सहा तासांवरून चोवीस तासांपर्यंत गेली.

रंगीत नकाशे दिसायला फार विश्वासू असतात. नव्या पोरांचा त्यांच्यावर माझ्याहून जास्त भरवसा. पण मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी, कॅरोटिड, आधीपासूनच चिंचोळी असेल तर त्या बाजूला रक्त रोजच उशिरा पोचतं, आणि सॉफ्टवेअर नसलेला पेनम्ब्रा रंगवून ठेवतं. फार लवकर आलेल्या पेशंटमध्ये कोअर आहे त्यापेक्षा मोठा दाखवतं. गुठळी निघाल्यावर त्यातला काही भाग जिवंत सापडतो. शिवाय २०२२-२३ मधल्या चाचण्यांनी असंही दाखवलं की कोअर मोठा असला तरी गुठळी काढल्यानं बऱ्याच जणांना फायदा होतो. ‘डाग मोठा आहे, आता कशाला पुढं न्यायचं’ हे वाक्य त्यामुळं जपून वापरावं लागतं. परफ्यूजन नसलं तरी काम अडत नाही. साधा सीटी आणि त्याच टेबलावर मानेपासून डोक्यापर्यंतची सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र, एवढ्यावर बहुतेक निर्णय होतात. मला विचाराल तर तालुक्याला परफ्यूजनपेक्षा अँजिओ आधी हवी.

स्ट्रोकची नक्कल करणारेही असतात. एकदा एकादशीच्या दिवशी एक आजी आल्या, उजवी बाजू गळालेली. उपवास होता आणि शुगरची गोळी नेहमीसारखी घेतलेली. सीटीच्या टेबलावर चढवायच्या आधी सिस्टरनं बोटाला सुई टोचली, शुगर ३८. ग्लुकोज शिरेत गेलं आणि दहा-पंधरा मिनिटांत आजींनी त्याच हातानं पदर सावरला. फिट येऊन गेल्यावरही काही तास एक बाजू लुळी राहते. आपल्याकडं टीबीची आणि डुकरांतल्या पट्टकृमीची गाठही मेंदूत निघते.

एक प्रकार मात्र नुसती नक्कल नाही, खरी इजा आहे, आणि चुकीच्या नावानं वाचला जातो. बाळंतीण, दोन आठवडे झालेत, पाणी कमी पाजलेलं, मे महिना, डोकं ठणकतंय, मग फिट आणि एक हात लुळा. तिच्या मेंदूतला डाग धमनीच्या इलाख्याची हद्द पाळत नाही, मधे मधे रक्तही सांडलेलं असतं. तिथं गुठळी मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत असते. रक्त सांडलेलं दिसत असूनही तिला रक्त पातळ करायचं औषध द्यावंच लागतं, हे कळायला शिरांचं चित्र, म्हणजे व्हेनोग्राम, हवा. बाळंतिणीला पाणी कमी पाजायची रीत अजून काही घरांत आहे, म्हणून एवढं लिहिलं.

आता डाग भरून येतो का. मेलेला मेंदू परत येत नाही. पहिले तीन-चार दिवस तो सुजतो, म्हणून तेव्हाचा स्कॅन सगळ्यात भयंकर दिसतो. मग सूज उतरते, सफाई करणाऱ्या पेशी मेलेलं उचलून नेतात, काही महिन्यांत तिथं पाण्यानं भरलेली पोकळी आणि कडेनं वणासारखी घट्ट पेशीजाळी राहते.

मधे एक फसवा टप्पा येतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सूज ओसरलेली आणि सफाईच्या पेशी गोळा झालेल्या, तेव्हा सीटीत तो भाग पुन्हा आजूबाजूसारखा दिसू लागतो. आम्ही याला फॉगिंग म्हणतो, म्हणजे धुकं. अठराव्या दिवशी सीटी घेऊन आलेलं एक कुटुंब आठवतं. मधल्या काळात पेशंटला पारव्याचं रक्त चोळून आणलं होतं. स्कॅन स्वच्छ दिसला, श्रेय पारव्याला गेलं आणि गोळ्या बंद झाल्या. मी एमआरआय उघडून दाखवला, डाग होता तिथंच होता. थोरला मुलगा म्हणाला, “मग साहेब, ह्यो सीटी खोटा का?” खोटा नव्हता. धुक्यात समोरचा डोंगर दिसत नाही, म्हणून तो उठून गेलेला नसतो.

पण डाग भरत नाही म्हणून माणूस सुधारत नाही असं नाही. कोमेजलेला भाग शुद्धीवर येतो, सूज उतरल्यावर शेजारचा मेंदू मोकळा होतो, आणि व्यायामानं बाकीचा मेंदू गेलेल्याची कामं थोडी थोडी उचलतो. याचा मोठा हिस्सा पहिल्या तीन महिन्यांत होतो, तेव्हा फिजिओथेरपिस्टला पुढच्या अमावस्येनंतर बोलवू म्हणू नका. डागाच्या आकारावरही जाऊ नका. सगळ्या हालचालींच्या तारा जिथून एकत्र जातात त्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये हरभऱ्याएवढा डाग पडला तर अख्खी बाजू लुळी पडते. कपाळामागं लिंबाएवढा डाग घेऊन माणूस चालत ओपीडीत येतो, घरचे फक्त म्हणतात, हल्ली चिडचिडे झालेत. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टात डागाची तीन मापं असतील. सेंटिमीटरमध्ये तिन्ही गुणून दोननं भागा, साधारण मिली येतात. सहा, चार, चार असेल तर ४८ मिली. माहीत असू द्या, पण दर महिन्याला पुन्हा एमआरआय काढून तो आकडा घटतोय का बघत बसू नका. सुधारणा बोटांत बघा, शर्टाचं बटण लागतंय का ते बघा.

आता पहिल्या सीटीचं. तुम्ही पाठवलेला फोटो खिडकीला धरलेल्या फिल्मचा आहे, त्यात ट्यूबलाइट आणि तुमचा अंगठा जास्त स्पष्ट दिसतोय. त्या सेंटरला जाऊन सीडी मागा. डेटा असेल तर ते देतात. सीटीची आणि एमआरआयची, दोन्ही सीडी घेऊन या, रिपोर्टच्या झेरॉक्सनं भागणार नाही. मी विंडो अरुंद करून उजव्या इन्सुलाची किनार तुमच्यासमोरच दाखवतो, असली तर आणि नसली तरी. आणि येण्याआधी आईंना विचारून ठेवा, वडील रात्री मधे लघवीला उठले होते का, कितीला, आणि तेव्हा स्वतःच्या पायानं नीट गेले होते का. चारला चालत गेले असतील तर साडेसहाच्या सीटीत काही न दिसणं साहजिक आहे. दहापासून पलंगावरच असतील, तर लकवा कधी झाला ते सांगता येत नाही, पण त्या सीटीत काहीतरी सापडायची शक्यता वाढते.